कोरी जाळी

वर्षातून एकदा मला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात पाठवतात. विषय ठरलेला असतो: ‘रेणवीय आणि संरचनात्मक जीवशास्त्रातील संशोधनाच्या संधी’. एवढं नाव फळ्यावर एका ओळीत मावत नाही, म्हणून ‘संधी’ नेहमी कोपऱ्यात दबकून बसलेली असते. मी प्रथिनांची रंगीत चित्रं दाखवते, मुलं माना डोलावतात आणि प्राचार्य घड्याळाकडे बघतात. त्या वर्षी विट्याच्या कॉलेजात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली.

“मॅडम, प्रथिनाचा आकार आता संगणकातला त्वष्टा सांगतो. औषधाचा रेणूपण त्वष्टाच जुळवतो. मग तुमाला पगार कशाचा देत्यात?”

वर्गात हशा पिकला. मीही हसले. चिडले असते तर तिचंच खरं ठरलं असतं.

“त्वष्टा सांगतो तसंच आहे का, ते मी डोळ्यांनी बघते.”

“आन् तसं नसलं तर?”

“आजवर असं झालेलं नाही.”

ती बसली, पण तिला पटलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी गाडीत स्वतःशी बराच वाद घातला. आजवर एकदाही कुणी नापास झालं नाही, ही परीक्षेची स्तुती आहे की निंदा, हे मला ठरवता येईना.

हे क्षेत्र ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात, आणि कुठल्या प्रथिनानं कोणतं काम करायचं ते त्याच्या आकारावर ठरतं. मण्यांची लांबलचक माळ स्वतःभोवती गुंडाळत जाते आणि तिच्यातून खोबणी, कड्या, बिजागऱ्या तयार होतात. एखादा मणी बदलला की एखादी बिजागरी ढिली पडते आणि माणूस आजारी पडतो. खोबणीचा नेमका आकार कळला, तर तिच्यात चपखल बसणारा औषधाचा रेणू घडवता येतो. पूर्वी एका प्रथिनाचा आकार शोधण्यात माणसाच्या उमेदीची वर्षं जायची. त्वष्टा नावाची संगणकप्रणाली आली आणि तेच काम चहा निवायच्या आत होऊ लागलं. मग एकेका घराण्यातल्या एकेका दोषावर, फक्त त्या घराण्यापुरती औषधं निघू लागली.

सरकारनं तेव्हा एक शहाणा नियम केला. त्वष्टानं सांगितलेला आकार एखाद्या माणसानं सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहून सही केल्याशिवाय औषध रुग्णाला टोचायचं नाही. त्या माणसाला म्हणतात साक्षी वैज्ञानिक. मी, वैजयंता लेंगरे, अशी एक साक्षी, कंत्राटी. आमच्या क्षेत्रात उरलेल्या संधी म्हणजे या एवढ्याच, आणि खानापूरच्या पठारावरच्या आमच्या संस्थेत त्यातली एक जागा कायम होणार होती. मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. लांबून मालट्रक गेला तरी आमच्या यंत्रात चित्र हलतं, म्हणून संस्था अशी माळावर, कुणाच्या अध्यात ना मध्यात बांधलेली आहे.

आता ‘बघणं’ म्हणजे काय तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. प्रथिन मिसळलेल्या पाण्याचा थेंब टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर घ्यायचा आणि तो इतक्या झटक्यात गोठवायचा की पाण्याला स्फटिक करायलाही सवड मिळू नये. मग इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून फोटो काढायचे. फोटोत दिसतो नुसता राखाडी रवा. त्या रव्यात हजारो प्रथिनं आडवीतिडवी पडलेली असतात. एकेकटं ओळखू येत नाही, पण हजारोंची सरासरी काढली की आकार वर येतो. त्यासाठी कोणतं प्रथिन कुठल्या कुशीवर पडलंय ते आधी ठरवावं लागतं, आणि गोम तिथेच आहे. ठरवताना हातात एखादा साचा धरलात, तर साच्याशी जुळेल तेवढंच तुम्ही उचलत जाता. असं पुरेसं उचललंत तर जिथे काहीच नाही त्या रव्यातूनही तुमचाच साचा उभा राहतो.

हे मला शिकवलं परुळेकर मॅडमनी. डॉक्टर उत्तरा परुळेकर माझ्या गाईड होत्या आणि या संस्थेच्या उभारणीत पहिल्या दिवसापासून होत्या. “गणपतीच्या दिवसांत पोरांना ढगातसुद्धा सोंड दिसते,” त्या म्हणायच्या. “म्हणून कोरी जाळी ठेवायची.” जाळ्या ठेवायची आमची डबी शर्टाच्या बटणाएवढी असते. तिला चार खण असतात आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हे कळावं म्हणून पहिल्या खणाशी एक खाच असते. तीन खणांत नमुना ठेवायचा आणि चौथ्यात नुसतं पाणी गोठवलेली कोरी जाळी, तिची कड चिमट्यानं जराशी दुमडून, हा मॅडमचा दंडक. साचा वापरून नमुन्यातून जे दिसलं ते कोऱ्या जाळीतूनही दिसलं, तर समजायचं की आपण सोंड बघतोय.

नवी यंत्रं आल्यावर कोऱ्या जाळीवर यंत्राचा वेळ घालवणं बंद झालं. पडताळणी आपोआप होते असं आम्हाला सांगितलं गेलं. साचा त्वष्टाचाच आणि तपासणीही त्याचीच, परीक्षार्थ्यानंच पेपर तपासावा तसं ते होतं, पण कुणी तक्रार केली नाही. मी मात्र कोरी जाळी डबीत ठेवतच राहिले. तपासायची नाही, नुसती ठेवायची, देवापुढे रिकामी वाटी ठेवावी तशी.

आणि मग आजारी पडल्या त्या मॅडमच.

त्यांच्या घराण्यात हृदयाचा एक आजार होता. हृदयाच्या स्नायूंचे धागे एकमेकांत अडकवणारी एक कडी असते, प्रथिनाचीच. परुळेकरांच्या घरात ती नीट मिटत नाही. त्यांचे वडील त्यात गेले, काका गेले. मॅडमचं वय छप्पन्न, लग्न केलेलं नाही, घरी एक धाकटा भाऊ, श्रीधर, वेंगुर्ल्याला काजूचा कारखाना चालवणारा. दोष त्याच्यातही होता, फक्त अजून डोकं वर काढलेलं नव्हतं. त्वष्टानं कडीचा आकार सांगितला, तिच्या खोबणीत पाचरीसारखा बसून तिला मिटलेली ठेवणारा रेणूही सांगितला. औषध एकदाच टोचायचं आणि ते कायमचं. खोबण सांगितल्या जागी असली तर माणूस उठून बसतो. नसली तर पाचर भलत्याच, धडधाकट कड्यांत जाऊन बसते आणि हृदय थांबतं. काढून घ्यायची सोय नाही.

नात्यातल्या माणसासाठी साक्ष देता येत नाही. पण कायद्याच्या लेखी गाईड म्हणजे नातेवाईक नव्हे, आणि मॅडमनी हट्टानं माझं नाव सांगितलं. “निनाद डोळे मिटून सही करेल,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. निनाद आमच्याकडचा दुसरा साक्षी. “तू निदान बघशील तरी.”

मी बघितलं. सकाळी यंत्र लावलं. नायट्रोजनच्या वाफेत डबी दिसत नव्हती, हात गारठले होते, आणि मिरजेच्या इस्पितळात मॅडम संध्याकाळच्या इंजेक्शनची वाट बघत होत्या. रेणू नाजूक होता, रात्रीपर्यंत टिकणारा नव्हता. पडद्यावर आकृती हळूहळू उभी राहिली, स्वच्छ, ठसठशीत, खोबणीसकट. खाली हिरव्या अक्षरांत ‘जुळते’. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सही केली, इस्पितळाला पाठवली आणि स्वतःसाठी चहा करून घेतला.

चहानंतर जाळी यंत्रातून काढली. भिंगाखाली धरली. तिची कड दुमडलेली होती.

खण खाचेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायचे असतात. वाफेत डबी फिरली असावी आणि मी उलटे मोजले असावेत. तसं मोजलं की दुसऱ्या खणाऐवजी चौथा हाती येतो. ही चूक पहिल्या वर्षाची मुलं करतात आणि त्यांना दिवसभर चिडवलं जातं. मी ज्यावर सही केली होती ते पाणी होतं. किंवा मग कड नुसती हाताळताना वाकली होती. तांब्याची कड ती, वाकतेच कधीकधी.

मी स्वतःला हेच दोन-तीनदा सांगून पाहिलं. कुणाला कळणार होतं? त्वष्टा बहुतेक वेळा बरोबरच असतो. मॅडम जगतील, माझी जागा कायम होईल, आणि दुमडलेली कड कचऱ्यात जाईल.

मग मी नवी जाळी घेतली. तिच्यावर बाटलीतलं गाळलेलं पाणी घातलं, दुसरं काही नाही, आणि गोठवून यंत्रात लावली. त्यानंतर नमुन्याची जाळी लावली, खण मोठ्यानं मोजून. निनाद मागे येऊन उभा राहिला.

“सही तर झाली ना? मग परत कशाला?”

“पाणी बघतेय.”

“तू पण ना,” तो म्हणाला आणि गेला.

पाण्यातून कडी उभी राहिली. खोबणीसकट. खाली हिरव्यात ‘जुळते’.

दोन्ही आकृत्या टॅबमध्ये घेऊन मी गाडी काढली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. इस्पितळाला तेवढं कळवलं की मी येईपर्यंत थांबा. तासगावच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. समोर द्राक्षांच्या पेट्यांचा टेम्पो अडकला होता आणि मी हॉर्न वाजवत होते, ज्याचा काही उपयोग नसतो हे माहीत असून. मला मॅडमचा राग येत होता. माझंच नाव का सांगितलं? निनादनं सही केली असती आणि मी आज सुखानं पेढे वाटले असते.

खोलीच्या दाराशीच श्रीधर भेटला. दणकट माणूस, पण रात्रभर न झोपल्यानं चेहरा ओघळलेला.

“इलात? बरा झाला. डॉक्टर म्हणता, तुमचो फोन इलो म्हणान औषध थांबवलंय. काय झाला?”

“मॅडमशी बोलते आधी.”

मॅडम उशांना टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर झालेले, नाकाला नळी. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हसू आवरतं घेतलं.

“मॅडम, मी सही मागे घेतेय.”

मी सगळं सांगितलं. वाफ, उलटे मोजलेले खण, दुमडलेली कड. मॅडम श्रीधरकडे वळल्या.

“श्री, तू वायच भायर बस.”

“मी खंय जावचंय नाय,” तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“कड वाकते गं हाताळताना,” मॅडम मला म्हणाल्या. “तू घाबरलीयस. माझं नाव बघून घाबरलीयस. नमुनाच लावला असशील तू.”

“म्हणून मी नव्यानं पाणी लावलं. आणि मग नमुना. दोन्ही आणलेत.”

त्यांनी हात पुढे केला. “दे. कुठलं कुठलं ते सांगू नकोस. बर्फ बघण्यात माझी हयात गेलीय. मी सांगते तुला कोरं कुठलं.”

मी नावं झाकून दोन आकृत्या शेजारी शेजारी मांडल्या. मॅडमनी चष्मा चढवला, बोटानं एक आकृती फिरवली, मग दुसरी. माझा प्रबंध तपासतानाही त्या अशाच बसायच्या, ओठ किंचित पुढे काढून. त्यांचा श्वाससुद्धा जरा संथ झाला. डॉक्टर मगदूम दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना औषधाचं विचारायचं होतं, पण तेही थांबले.

“हे उजवं बघ,” मॅडम म्हणाल्या. “बिजागरीची ही बाजू बघ. किती स्वच्छ आलीय. पाण्यातून असं येईल होय? हे माझं. डावं जरा ओढूनताणून आल्यासारखं वाटतंय, कडा फुगलेल्या. डावं कोरं.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“वैजू?”

“उजवं पाणी आहे, मॅडम. नुसतं पाणी. मी बाटलीतून घेतलेलं.”

मॅडमनी टॅब मांडीवर ठेवला, मग पुन्हा उचलला, उजवी आकृती पुन्हा फिरवून पाहिली. बर्फ बघण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं त्या मॅडम एका थेंबभर पाण्याला माझं माझं म्हणत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

“साचा ठळक केलाय कुणीतरी,” त्या म्हणाल्या. आवाज शिकवतानाचा होता. “पूर्वी पुसट ठेवायचे, म्हणजे पाण्यात उमटायचा नाही. वेग वाढवायला केला असणार. म्हणजे गेली दोन-तीन वर्षं...”

“हो.”

“पण यानं त्वष्टा चुकला असं ठरत नाही.”

“नाही ठरत.”

“तो बरोबर असेलही.”

“असेल. बहुतेक वेळा असतोच. पण आम्ही कुणी बघितलेलं नाही, एवढंच.”

“निनाद सही करेल. पाच मिनिटांत.”

“करेल.”

“आणि तू?”

“मी नाही करणार.”

“मी मेले तरी?”

मी रडायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. या बाईंनी मला पहिल्यांदा यंत्रासमोर बसवलं होतं, वसतिगृहाचं जेवण बाधलं तेव्हा स्वतःच्या घरी नेऊन पेज भरवली होती. माझ्या आईनंतर मी कुणावर जीव लावला असेल तर त्यांच्यावर.

“तरी,” मी म्हणाले.

श्रीधर भिंतीपासून सुटला. “काय चल्लाहा हय?” तो ओरडला. “शंका काढूक तुमका पगार गावता, काढा. पण माझी भयण मरता हय! यंत्र बरोबर आसा म्हणतास, आनि सही नको म्हणतास. ताई, तू त्या दुसऱ्याक फोन कर. आत्ताच्या आत्ता कर.”

त्यानं आपला फोन मॅडमच्या हातात कोंबला. मॅडमनी तो घेतला.

“मला जगायचंय गं, वैजू,” त्या म्हणाल्या. इतकंच. मी त्यांना कधी कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. “मला वाटलं होतं मी घाबरणार नाही. पण खूप भीती वाटते.”

मी त्यांचा हात धरला. तो गार होता. दुसरं काय करणार?

डॉक्टर मगदूम खाकरले. “मॅडम, रेणू फार वेळ टिकणार नाही. हो की नाही, मला सांगायला लागेल. नवा करायचा तर दोन आठवडे, आणि सहीशिवाय तोही देता येणार नाही.”

“साचा न धरता बघायला किती लागेल?” मॅडमनी मला विचारलं.

“कडी लहान आहे. नमुना नव्यानं करावा लागेल, फोटो अनेक पटींनी जास्त. तीन महिने. धावपळ केली तर अडीच.”

त्यांनी मगदूमांकडे बघितलं. तेवढे आहेत का, असं त्यांना विचारायचं होतं. मगदूमांनी नजर खाली वळवली. उत्तर मिळालं.

मॅडम फोनकडे बघत राहिल्या. मग तो उलटा करून चादरीवर ठेवला.

“आज मी घेतलं, तर उद्यापासून ही पद्धत माझ्या नावानं चालेल,” त्या म्हणाल्या. “परुळेकर बाईंनी स्वतः घेतलं, तुम्हाला काय हरकत आहे, असं म्हणतील. आणि माणसं दंड पुढे करतील. मगदूम, औषध परत पाठवा.”

“ताई!” श्रीधर पलंगाशी गुडघ्यावर बसला. एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडत होता.

“रडतंस कित्याक? तुझ्यासाठी पण ताच औषध येतला मरे, श्री. बघितल्याबगर तुका कोणी टोचलेला माका चलाचा नाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जा तू आता. माझ्यासमोर उभी राहू नकोस. तुझा राग आलाय मला. जाऊन काम कर.”

मी गेले.

नंतरचं पेपरांत आलंच. त्याच आठवड्यात देशभरातली असली औषधं थांबली. साचा ठळक केल्याचं त्वष्टावाल्यांनी कबूल केलं. त्यांच्या मते ती सुधारणा होती. मुलाखत रद्द झाली, कायम जागा गोठवली गेली, आणि संस्थेत माझ्याशी कुणी धड बोलेना. निनादनं तर माझ्या मागे दार लावून घ्यायला सुरुवात केली. जुनी प्रथिनं आम्ही एकेक करून साच्याशिवाय पुन्हा बघायला घेतली. दोन आकृत्या साफ चुकीच्या निघाल्या. ते दोन्ही रुग्ण औषधानंतर आठवड्याच्या आत गेले होते आणि कारण लिहिलं होतं, ‘हृदय आधीच अशक्त’. त्यांच्या घरच्यांना भेटायला संचालक गेले.

मॅडमची कडी मी स्वतःकडे ठेवली. राग तीन दिवस टिकला, चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“काय दिसतंय?”

“नुसता गोळा आहे.”

“असू दे गोळा. आपल्या मनानं नाक-डोळे काढू नकोस त्याला.”

मग रोज फोन. रोज तोच प्रश्न, आवाज दिवसेंदिवस बारीक. कधी श्रीधर फोन धरायचा आणि काही न बोलता त्यांच्या कानाला लावायचा. गोळ्याला एक लांबट बाजू आली हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यानंतरच्या आठवड्यात फोन आला नाही. मीही केला नाही, कारण मला कळलं होतं.

आकृती पुरी व्हायला आणखी एक महिना गेला. साच्याशिवाय, कोऱ्या जाळीशी ताडून, नमुन्याचे दोन भाग वेगवेगळे हाताळून. शेवटचं गणित सुटलं तेव्हा सकाळचं ऊन यंत्राच्या खोलीबाहेरच्या फरशीवर आलं होतं. बिजागरी होती. खोबण होती. त्वष्टानं सांगितली होती त्याच जागी, त्याच खोलीची. मी त्याची आकृती माझ्या आकृतीवर ठेवली. केसाएवढाही फरक नव्हता.

मी परत केलं. आणखी एकदा केलं. चूक निघावी म्हणून मी देवाला हात जोडले, आणि कुठल्याही वैज्ञानिकानं अशी प्रार्थना केलेली मला माहीत नाही. चूक निघाली नाही.

श्रीधरला पत्रानं कळवता आलं असतं. संस्थेनं तसंच सुचवलं. मी वेंगुर्ल्याची एसटी पकडली.

कारखान्यात बायका रांगेनं बसून काजू फोडत होत्या. भाजलेल्या टरफलांचा उग्र वास सगळीकडे होता. श्रीधर वजनकाट्याशी उभा होता. मला पाहून त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं, पण बसा म्हणाला नाही. तो वाळला होता. पोतं ठेवतानाही त्याला धाप लागलेली मी पाहिली. आजारानं आता डोकं वर काढलं होतं.

“बघून झाला?” त्यानं विचारलं.

“झालं. साचा न धरता. तीनदा.”

“मगे?”

“त्वष्टा बरोबर होता. औषध अगदी तेच.”

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्यानं काट्याची दांडी धरली.

“म्हणजे तेवा ता औषध दिला असता, तर ताई जगली असती?”

“बहुतेक...”

“बहुतेक नको माका.” त्याचा आवाज चढला तशा बायकांच्या हातातल्या मोगऱ्या थांबल्या. “माझ्या ताईन ह्या ‘बहुतेक’साठी जीव दिल्यान. आता तुमी माका बहुतेक सांगू नकात. नक्की सांगा.”

“जगल्या असत्या,” मी म्हणाले. “माझ्यामुळे गेल्या.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो मारेल, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी चुकीच्या निघालेल्या त्या दोन आकृत्यांचं काही बोलले नाही. ते त्याला माहीत होतं, आणि त्यानं त्याची बहीण परत येणार नव्हती. बायकांनी हळूहळू पुन्हा काजू फोडायला सुरुवात केली. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, बराच वेळ टॉवेल तोंडावरच धरून ठेवला.

“सही कोण करतला?” त्यानं टॉवेलाआडूनच विचारलं.

“तुम्ही म्हणाल तो. निनाद आहे. पुण्याचे साक्षी आहेत. मी नको असेन तर...”

“तुमीच करा.” त्यानं टॉवेल बाजूला केला. डोळे लाल होते आणि त्यांत माझ्याबद्दल माया अजिबात नव्हती. “माका कधी येवचा लागात?”